वीस लिटरच्या गाईआधी

वाचकाचं पत्र: बाई, आमचं गाव घाटंजी तालुक्यात आहे. चार एकर कोरडवाहू, एक विहीर. कोठ्यात दोन जर्सी संकरित गाई, एक म्हैस, बैलजोडी आणि पाच शेळ्या. मोठी गाय दिवाळीत जनली तेव्हा दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर द्यायची, आता चारावर आली. लहानी तीनदा रेतन करून भरवली, तिन्हीदा उलटली, गाभण राहिलीच नाही. म्हशीला फेब्रुवारीत वगार झाली, ती विसाव्या दिवशी गेली. पोट फुगलं होतं, मातीच्या रंगाची, घाण वासाची हगवण होती. तेव्हापासून म्हैस नीट पान्हवत नाही. सरकीची ढेप दोन्ही वेळा दोन-दोन किलो देतो, कुटार पोटभर, पाणी दोन वेळा दाखवतो. गोचीड फार झाले म्हणून घरच्यांनी कपाशीवरचंच औषध पातळ करून लावलं. भासरे (थोरले दीर) म्हणतात, हे सगळं विका, बँकेचं कर्ज काढा आणि वीस लिटरची एकच होलस्टिन आणा. सासू म्हणते, अडचणीच्या दिवसांत तू कोठ्यात गेलीस म्हणून वगार गेली. मला काही सुचत नाही. काय करू?

ताई,

कर्ज काढू नका. निदान यंदा तरी नको. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण बँकेत जायचा दिवस ठरला असेल तर पुढचं वाचेपर्यंत उशीर व्हायचा.

भासऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. चार लिटर दुधासाठी घरातली दोन माणसं राबताना पाहिली की कोणालाही तसंच वाटेल. पण २० लिटर देणारी गाय खातेही तशीच. अंग धरून राहायला तिला रोज दीड किलो खुराक लागतो आणि त्यावर दुधाच्या दर लिटरमागे साधारण ४०० ग्रॅम. म्हणजे साडेनऊ किलो खुराक, वर २० किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो वाळली वैरण. हे रोजचं झालं. अखजी (अक्षय तृतीया) झाली की आपल्या शिवारात हिरवं पान हुडकावं लागतं. त्यात होलस्टिन ही युरोपातल्या थंड मुलखातली. पारा ४५ वर गेला की ती तोंड उघडं टाकून धापा घेते, खाणं सोडते आणि पहिल्याच उन्हाळ्यात दूध निम्म्यावर आणते. हप्ता मात्र २० लिटरच्या हिशेबानंच भरायचा असतो.

२००६ साली शेतकऱ्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत दुधाळ जनावरं वाटली गेली. मी तेव्हा गुरांच्या दवाखान्याच्या नोकरीत होते. गाई काही वाईट नव्हत्या. पण ज्यांच्या दारात त्या बांधल्या त्यांच्याकडे चारा नव्हता, विहिरीला उन्हाळ्यात पाणी नव्हतं, आणि दूध घ्यायला गावात कोणी येत नव्हतं. कित्येक घरांनी वर्षाच्या आत त्या विकल्या. ज्या घरात चारा होता त्यांच्या गाई टिकल्या. तुमच्या भासऱ्यांना हे आठवत असेल, विचारून पाहा.

आता एक तातडीचं. कपाशीवरचं औषध पुन्हा कोणत्याही जनावराच्या अंगाला लावू नका, कितीही पातळ केलं तरी. ते कातडीतून आत जातं, जनावर अंग चाटतं तेव्हा पोटात जातं, आणि दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं. ते दूध तुमची लेकरं पितात. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, हे मी तुम्हाला सांगायला नको. लावून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाही. एखाद्या जनावराच्या तोंडातून लाळ गळत असेल, अंगाला थरथर असेल, डोळ्याच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, शेण पातळ आणि श्वास जड असेल, तर क्षणभर थांबू नका. साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. डब्यावरचं नाव पाहिल्यावर त्यांना उतारा ठरवता येतो. कालपरवाच लावलं असेल तर दूध घरी आणि डेअरीला देणं बंद ठेवा, किती दिवस ते डॉक्टरांना विचारा.

आणि मुळात त्यानं गोचीड जाणारही नाहीत. अंगावर दिसतात ते थोडेच. बाकीचे कोठ्याच्या भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, खुंट्याच्या बुडाशी असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. तुम्ही गाय साफ केली तरी आठवड्याभरात भिंत तिला परत गोचीड देते. म्हणून आधी भिंत. कोठा पूर्ण रिकामा करा, कुटार आणि वैरण बाहेर काढा. फटी शेण-मातीनं लिंपून घ्या, वरून चुना मारा. खालची भुसभुशीत माती चार बोटं खरवडून गावाबाहेर टाका. दारात कोंबड्या असतील तर दिवसा कोठ्यात फिरू द्या, त्या वेचून खातात. अंगावर लावायचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या आणि ते गाई, म्हैस, बैल, शेळ्या, दारातलं कुत्रं, सगळ्यांना एकाच दिवशी लावा. सकाळी गारव्यात, आधी पोटभर पाणी पाजून. दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. ताप असेल, डोळे पांढरे पडले असतील किंवा लघवी कॉफीसारखी लाल होत असेल, तर तो गोचिडातून आलेला रक्ताचा आजार समजा. त्याला घरी औषध नाही.

आता दुधाकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, त्याच्यावर मी थांबले. ‘पाणी दोन वेळा दाखवतो.’

दिवाळीत जनलेली गाय मे महिन्यात थोडी उतरणारच. जनल्यावर दीड-दोन महिन्यांनी दूध सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू कमी होतं. पण आठावरून चार, इतकं उतरायचं कारण मला पाण्यात दिसतं. दूध म्हणजे शंभरात ८७ भाग पाणीच. उन्हाळ्यात तुमच्या गाईला दिवसाला ७०-८० लिटर लागतं, म्हणजे १५ लिटरची बादली पाच वेळा. दोन वेळा समोर धरलं तर ती जास्तीत जास्त तीन बादल्या पिते. उरलेल्या दोन बादल्यांची भरपाई ती दूध कमी करून करते.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. आर्वीच्या बाजूला एका घरी गाय आटत चालली म्हणून बोलावणं आलं. गेले, कॅल्शियम दिलं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. आठ दिवसांनी परत बोलावणं, परत इंजेक्शन. तिसऱ्यांदा गेले ती भर दुपार होती. गाय पत्र्याखाली उभी, मान खाली. बाजूला उन्हात लोखंडी ड्रम, अर्धा भरलेला. मी त्यात हात घातला तर पोळलं. आत हिरवं शेवाळ, काठाला मेलेल्या माश्या. गाईला तिकडे नेलं तर तिनं नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. घरच्या म्हाताऱ्यांनी विहिरीतून ताजी बादली शेंदून आणली. तिनं डोकं वर न काढता ती संपवली, मग दुसरी, मग तिसरी. पिताना तिचे दोन्ही कान मागेपुढे हलत होते, ते मला अजून दिसतं. चार दिवसांनी दूध दीड लिटरनं वाढलं होतं. मी दोन वेळा सुई टोचली होती आणि गाय पाणी कुठलं पिते हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यानंतर कोणत्याही कोठ्यात गेले की मी आधी पाण्यात हात घालते.

तेव्हा सावलीत एक सिमेंटची नांद बांधा. नाही जमलं तर जुना ड्रम अर्धा कापून आणि काठ ठोकून चालेल. आतून चुना मारा, आठ दिवसांनी घासून परत मारा. वरून ओलं पोतं टाका. आणि ती नांद गाईच्या तोंडापुढे चोवीस तास राहू द्या, रात्री तर नक्कीच. पाणी शेंदायचं काम तुमच्याच वाट्याला असणार हे मला ठाऊक आहे. घरातल्या माणसांनी दोन खेपा वाटून घ्यायला हव्यात, हे माझं नाव सांगून बोला.

दुपारी बांधायला कडुनिंबाची सावली असेल तर पत्र्याखाली बांधू नका. पत्राच असेल तर त्यावर तुराट्यांचा चांगला हातभर थर टाका, दोरीनं आवळा, उन्हं चढली की पाणी शिंपडा. पश्चिमेकडून पोत्याचा पडदा. मात्र चारही बाजू बंद करू नका, वारा खेळला पाहिजे. म्हशीला काळी कातडी आणि घाम कमी, तिला डुंबायला तळं नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पाणी टाकावं लागेल. आणि वैरणीची वेळ बदला. वाळली वैरण पचताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी खायला घातलं तर जनावर खात नाही आणि घरच्यांना वाटतं आजारी आहे. सकाळी आठच्या आत, संध्याकाळी सहानंतर, आणि झोपण्याआधी एक मोठं टोपलं. उन्हाळ्यात गाय रात्री खाते.

खुराकाबद्दल तुम्हाला नवल वाटेल. चार लिटरच्या गाईला चार किलो ढेप कमी नाही, हिशेबानं तीन-सव्वातीन किलो खुराक पुरे. म्हणजे पैसा तुम्ही जास्तच घालता, फक्त सगळा एकाच गोष्टीत. सरकीच्या ढेपेत प्रथिनं आणि स्निग्धांश आहेत, त्यानं फॅट लागते, म्हणून आपल्या भागात ढेपेवाचून कोणाला चैन पडत नाही. पण तिच्यानं पोटाला लागणारी ताकद आणि हाडाला, गर्भाशयाला लागणारे क्षार पुरत नाहीत. घरीच मिसळून ठेवा: मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ४० किलो, ढेप ३० किलो, तुरीची चुरी आणि गव्हाचा कोंडा मिळून २७ किलो, क्षार मिश्रण २ किलो, मीठ १ किलो. हे शंभर किलो झालं. मोठ्या गाईला यातलं तीन-सव्वातीन किलो, दोन वेळा वाटून. हा बदल एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर पोट बिघडेल. क्षार मिश्रण एकूण रोज ५० ग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं, ते एवढ्या खुराकातून मिळतं. घरात आणून फळीवर ठेवलेली पिशवी मी खूप पाहिली, अर्धी तशीच, दगड झालेली. ती रोजच्या डब्यात पडली तरच कामाची.

ढेप फोडून पाहा. आत हिरवी-काळी बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती कितीही महागाची असो, टाकून द्या. त्या बुरशीच्या विषानं दूध उतरतं, गाभण जनावर गाभडतं. पावसाळ्यात पोती भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवतात तिथंच हे होतं. खाली फळ्या टाका.

कुटार तुरीचं असेल तर फार चांगलं, जपून ठेवा. सोयाबीनच्या कुटारात शेंगांचे टोकदार तुकडे असतात, ते तोंडाला टोचतात, तेव्हा थोडं पाणी आणि मीठ शिंपडून तासभर ठेवून घाला. पण नुसत्या कुटारावर दूध निघणार नाही.

इथं मला थोडं मनातलं बोलू द्या. माझ्या लहानपणी वऱ्हाडात दारासमोर कडब्याची गंजी नाही असं घर नव्हतं. ज्वारी माणसाला आणि कडबा जनावराला, एकाच पिकात दोघांचं भागायचं. मग सोयाबीन आलं, हाती नगद पैसा आला, ज्वारी धुऱ्यापर्यंत हटली आणि पुढे धुऱ्यावरूनही गेली. शेतकऱ्यानं पैशाचं पीक घेतलं यात त्याची चूक मी मानत नाही. पण गाईच्या तोंडचा घास तेव्हाच गेला, आणि त्याची भरपाई आपण ढेपेच्या पोत्यानं करायला निघालो. तुमच्या चार एकरांत यंदा अर्धा एकर ज्वारी किंवा मका जनावरासाठी म्हणून पेरा. घरात यावरून वाद होईल, होऊ द्या. ढेपेवर वर्षाला किती जातात ते भासऱ्यांसमोर कागदावर मांडा. विहिरीजवळ न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी जातं तिथं दोन-तीन गुंठे संकरित नेपियर लावा. ते एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापायला येतं. धुऱ्यावर शेवरी, शेवगा, सुबाभूळ टाका. मका दाणा दुधाळ असताना कापून, कुट्टी करून, हवाबंद पिशवीत दाबून भरला तर ४५ दिवसांनी मुरघास तयार होतो आणि तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतो. भरताना पायानं तुडवून हवा काढणं हेच त्यातलं खरं काम, बाकी सोपं आहे.

ज्वारीची एक धास्ती मात्र लक्षात ठेवा. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पावसानं ताण दिलेली ज्वारी, आणि कापणीनंतर बुडातून फुटलेले फुटवे, यांत विष असतं. जनावर खाऊन दहा-पंधरा मिनिटांत धापा टाकत कोसळतं. फुलोऱ्यावर आल्याशिवाय एक पेंढीही घालू नका, आणि गुराख्यालाही सांगून ठेवा.

आता वगारीचं. ताई, तुमच्या कोठ्यात जाण्यानं ती गेली नाही. अडचणीचे दिवस असोत की नसोत, बाईच्या पायगुणानं वासरू मरत नाही. मी पस्तीस वर्षं महिन्याचे तीसही दिवस कोठ्यात गेले आहे, गाभण म्हशींच्या पोटात हात घातला आहे, हे सासूबाईंना वाचून दाखवा. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत, फुगलेलं पोट, मातीच्या रंगाची दुर्गंधी हगवण, वय दोन-तीन आठवडे, ती पोटातल्या मोठ्या जंतांची आहेत. हे जंत बाहेरून येत नाहीत. त्यांच्या अळ्या म्हशीच्या अंगात असतात आणि चिकातून, दुधातून वगारीच्या पोटात जातात. विसाव्या दिवसापर्यंत आतडं जंतांनी भरून जातं. म्हणून पुढच्या वेळी वगार किंवा रेडकू दहा ते पंधरा दिवसांचं झालं की जंताचं औषध द्यायचंच, तब्येत चांगली दिसत असली तरी. मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

त्याच्याही आधीचं म्हणजे चीक. आपल्याकडे पहिल्या चिकाचा खरवस करून शेजारी वाटायची रीत आहे. वाटा, पण वगारीचं पोट भरल्यावर. आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद चिकातून येते आणि वासराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच ओढून घेतं, चोवीस तासांनंतर तो रस्ता बंद होतो. जन्मल्यापासून तासाभरात पहिला चीक, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. ३० किलोची वगार असेल तर ३ लिटर. वार पडायची वाट पाहत थांबू नका. बेंबीची नाळ स्वच्छ दोऱ्यानं बांधून, नव्या ब्लेडनं कापून, टिंक्चर आयोडीन लावायचं. एवढ्यानं निम्मी वासरं वाचतात असं मी अनुभवानं म्हणते.

म्हैस पान्हवत नाही याचं दुःख मला समजतं. वगार डोळ्यासमोरून गेली आहे. तिला पान्हा सोडायचं इंजेक्शन द्या असं गावात कोणीतरी सांगेलच. देऊ नका. जनावराला इजा होईल अशा रीतीनं दूध काढण्यासाठी इंजेक्शन टोचणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याच्या सवयीनं म्हैस पुढे त्याशिवाय धारच देत नाही. रोज त्याच वेळी, त्याच माणसानं, समोर आंबोण ठेवून, कोमट पाण्यानं कास धुवून दोन मिनिटं हळुवार चोळा. वेळ लागेल. धार काढताना अंगठा मुडपून सड दाबू नका, पूर्ण मुठीनं काढा. अंगठ्यानं सडाला आतून जखम होते आणि तिथूनच दगडीचा, म्हणजे कास सुजण्याचा रोग शिरतो. धार झाल्यावर अर्धा तास खाली बसू देऊ नका, समोर वैरण टाकली की ती आपोआप उभी राहते.

लहानीला चौथ्यांदा भरवायला घाई करू नका. तीनदा उलटली म्हणजे आधी डॉक्टरांनी आतून तपासायला हवी, गर्भाशयात पू किंवा सूज आहे का ते पाहायला. माजावर आली की सोट, म्हणजे मागून येणारा चिकट स्राव पाहा. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा असेल तर ठीक. पांढरे धागे किंवा पिवळसर असेल तर भरवू नका, उपचार करा. आणि वेळ चुकते का ते बघा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बहुतेक घरांत माणूस सवडीनं फोन करतो, रेतन करणारा सवडीनं येतो आणि दोन सवडी जुळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. या उन्हाच्या दिवसांत गर्भ धरतोही कमी. आता जंताचं औषध, क्षार मिश्रण आणि पाणी सुरू करा, मृगाचे दोन पाऊस पडू द्या, मग भरवा.

मोठ्या गाईबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही, ती परत भरवली का? जनल्यापासून साठ ते नव्वद दिवसांत भरवायला हवी. जानेवारीत ठरली असती तर नऊ महिने नऊ दिवसांनी, ऑक्टोबरात परत जनली असती. ती अजून रिकामी असेल तर तुमचं खरं नुकसान चार लिटरचं नाही, येणाऱ्या वेताचं आहे. आणि भरवलेली असेल तर तीन महिन्यांनी तपासून गाभण आहे का ते पक्कं करा. म्हशीवरही लक्ष ठेवा, तिचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर रात्री किंवा पहाटेच दिसतो. सकाळी शेण काढायला जाता तेव्हा शेपटीला सोट लागलाय का ते पाहत जा.

हे सगळं डोक्यात राहत नाही. शंभर पानी वही आणा, जनावरागणिक चार पानं. जनल्याची तारीख, माजाची तारीख, भरवल्याची तारीख, जंताचं औषध, लस, आणि आठवड्यातून एकदा दूध मोजून. माजाची तारीख लिहिली की पुढचे एकवीस दिवस मोजून खूण करून ठेवा, त्या दिवशी नजर ठेवायची.

लशींचं थोडक्यात सांगते. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, बैलांनाही. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोन वेळा, लम्पीची वर्षातून एकदा. शेळ्यांना पीपीआर आणि पावसाळ्याआधी आंत्रविषार. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना सांसर्गिक गर्भपाताची, ती आयुष्यात एकदाच. लशीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध दिलं तर लस चांगली लागते. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला नसेल तर मारून घ्या. गावात दवाखाना लांब असेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि कधी एखादी गाय सात-आठ महिन्यांची गाभडली, तर वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका. तो सांसर्गिक गर्भपाताचा रोग असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि बहुतेक घरांत हे काम बायकांकडेच येतं.

शेळ्या विकू नका, अडीनडीला तोच हाताशी पैसा आहे. पुढेमागे जनावर वाढवायचंच ठरलं तर मी तुम्हाला आपल्याकडचीच नागपुरी किंवा पूर्णाथडी म्हैस बघायला सांगेन. दूध थोडं कमी, पण फॅट चांगली, आणि आपल्या उन्हात आणि आपल्या कडब्या-कुटारावर तिच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत.

या आठवड्यात फक्त नांद आणि भिंत एवढंच करा. बाकीचं जमेल तसं. पोळ्याला बैल सजवून झाले की मला परत लिहा: मोठी गाभण निघाली का, लहानीच्या सोटाचा रंग कसा होता, आणि आता दिवसाला किती बादल्या जातात. वहीतून उतरवून पाठवा. अर्धा एकर ज्वारी कशी आली तेही कळवा. ती गंजी उभी राहिली की भासऱ्यांच्या होलस्टिनबद्दल आपण पुन्हा बोलू.